राजकन्येच्या ड्रेसला खिसा

देवळाली प्रवराला बाजारतळाच्या कडेला विजयमालाबाईंचं एका खणाचं दुकान आहे. पाटीवर ‘मोनिका ड्रेपरी’ असं लिहिलंय. मोनिका ही त्यांची मुलगी. ती लग्न होऊन कर्जतला गेली, पण पाटीवरून काही हलली नाही. वर्षातले नऊ-दहा महिने या दुकानाकडे कुणी ढुंकून बघत नाही. डिसेंबर उजाडला की मात्र पायरीवर चपला मावत नाहीत, कारण पंचक्रोशीतल्या शाळांची गॅदरिंगं सुरू होतात आणि राजे, पऱ्या, राक्षस, ससे, वांगी, ढग असं सगळं भाड्यानं इथूनच जातं. साखर कारखान्याचा हंगाम आणि बाईंचा हंगाम एकदमच चालतो. दोन्हीकडे सारखीच धांदल, फक्त इकडे धूर निघत नाही, असं बाईंचे यजमान सहादेव म्हणतात. सहादेव कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यापासून ते दुकानात इस्त्री करतात आणि बायकोचं ऐकतात.

बाई छप्पन वर्षांच्या. उंच, अंगानं दणकट, रंगानं चांगल्या काळ्या, आणि आवाज असा की गिऱ्हाइकाला हाक मारायला उठावं लागत नाही. तीस वर्षांत त्यांनी एक कसब कमावलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. पोर दारात उभं राहिलं की त्या त्याच्यावर एक नजर टाकत, कपाट उघडत आणि ड्रेस ओढून समोर ठेवत. गोरी, नाजूक पोरगी दिसली की परी नाहीतर राजकन्या. काळं, थोराड पोर दिसलं की राक्षस. मध्यम चणीची पोरं ससे आणि सैनिक. अगदीच लाजाळू असलं तर झाड. “पोराला काय इचारायचं? पोराकडं बघायचं,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि गंमत म्हणजे त्या सहसा चुकतही नसत. चुकणार कशा? शाळेत मास्तरांनीही कामं तशीच, तोंडं बघूनच वाटलेली असत.

आयाबाया थांबलेल्या असल्या की बाई स्वतःची कथा रंगवून सांगत. “आमच्या शाळंत पयलीला मी राक्षसीण. दुसरीला राक्षसीण. तिसरीला चेटकीण. चौथीला परत राक्षसीण. पाचवीला बढती मिळाली बघा, वडाचं झाड केलं.” बायका पदर तोंडाला लावून हसत. बाई त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसत. तीस वर्षं ही कथा एकदाही फसली नव्हती.

तर गेल्या जानेवारीतली गोष्ट. सोमवारी दुपारी बन्सी टेम्पोवाला दोन पोरं घेऊन दुकानात आला. एक त्याची मुलगी कार्तिकी आणि दुसरा शेजारच्या वस्तीवरचा हर्षल. दोघंही झेडपीच्या शाळेत तिसरीला. शुक्रवारी गॅदरिंग होतं. बन्सीला कोल्हारला पशुखाद्याची पोती उतरवायला जायची घाई होती, त्यानं खिशातून मॅडमनी दिलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती न वाचताच कात्रीखाली सरकवली. चिठ्ठी वाचून ड्रेस काढणं म्हणजे त्यांच्या लेखी नवशिक्याचं काम.

त्यांनी पोरांकडे पाहिलं. हर्षल गोरापान, काडीपैलवान, लांब पापण्यांचा. त्याच्यापुढे निळा झब्बा आणि पिसाचा फेटा आला. कार्तिकी वर्गात सगळ्यांत उंच, बापासारखी रुंद खांद्यांची, काळीसावळी. तिच्यापुढे काळी झूल, कवट्यांची माळ आणि शिंगं आली.

“राजपुत्र आन् राक्षस,” बाई म्हणाल्या. “कसे एका नजरंत वळखले.”

हर्षलनं तोंड उघडलं आणि मिटलं. कार्तिकी शिंगांकडे बघत राहिली. बन्सीला नाटकातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या, “बरं हाय वयनी,” म्हणाला आणि टेम्पो चालू केला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर यशोधरा मॅडम दुकानात आल्या. या मॅडम त्याच वर्षी राहुरीकडून बदलून आलेल्या, तिशीच्या आतल्या, बोलायला मऊ. नाटुकलं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. राक्षस राजकन्येला किल्ल्यात कोंडतो, राजपुत्र भलत्याच दरवाज्यापाशी वाट बघत बसतो आणि शेवटी राजकन्या राक्षसाच्या उशाची किल्ली पळवून स्वतःच बाहेर येते. कामं कुणाला द्यायची यावर भांडणं नकोत म्हणून मॅडमनी कंपासपेटीत चिठ्ठ्या टाकून ज्याच्या त्याला उचलायला लावल्या होत्या. कार्तिकीला राजकन्या आली. हर्षलला राक्षस आला.

“काकू, मी यादी पाठवली होती ना?” मॅडमनी विचारलं.

बाईंनी कात्री उचलली. चिठ्ठी तिथंच होती. त्यांनी ती आता वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“आता बदलून देते की. त्यात काय एवढं,” त्या म्हणाल्या खऱ्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

“ड्रेसचं नाही हो. कार्तिकी काम सोडते म्हणतेय. गेले पंधरा दिवस तिनं संवाद असे पाठ केलेत की राक्षस अडला तर त्याचेही तीच सांगते. आज सकाळी येऊन म्हणाली, मॅडम, माझी चिठ्ठी चुकून आली होती, ड्रेसवाल्या काकूंना बरोबर कळलं. राजकन्या दुसऱ्या कुणाला तरी द्या.” मॅडम स्टुलावर बसल्या. “रडली वगैरे नाही. त्याचंच मला वाईट वाटलं. दुसरं कुणी तीन दिवसांत तयार होणार नाही, पण तेही जाऊ द्या. ती पुन्हा उभी राहिली पाहिजे. तुमचं म्हणणं तिनं खरं मानलंय, तर तुम्हीच काहीतरी करा.”

मॅडम निघून गेल्या. सहादेवांनी इस्त्री बंद केली. बाईंनी उठून राजकन्यांचं कपाट उघडलं. अकरा ड्रेस टांगलेले होते, सगळे गुलाबी नाहीतर आकाशी. हे सगळे त्यांनीच शिवलेले. मोनिका लहान असताना टीव्हीवर कार्टूनातल्या राजकन्या यायच्या, दप्तरांवर नि पाण्याच्या बाटल्यांवरही त्याच असायच्या. ती चित्रं समोर ठेवून बाईंनी कापड बेतलं होतं. चित्रातल्या राजकन्येची कंबर मुठीत मावेल एवढी, म्हणून ड्रेसचीही तशीच. त्यांनी टेप काढून एकेक छाती मोजायला सुरुवात केली. बावीस, चोवीस, चोवीस, सव्वीस. सव्वीसच्या वर एकही नाही. मग राक्षसांचं कपाट उघडलं. बत्तीस, चौतीस, छत्तीस. बत्तीसच्या खाली एकही नाही.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “माज्या कपाटात जाड राजकन्या न्हाई. आन् बारका राक्षसबी न्हाई. तीस वर्षं.”

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,” सहादेव म्हणाले.

खालच्या कप्प्यात टोप होते. राजकन्यांचे टोप पिवळ्याजर्द नायलॉनच्या केसांचे. राहुरी तालुक्यात असे केस कुणाच्या डोक्यावर उगवलेले बाईंनी जन्मात पाहिले नव्हते. राक्षसांचे टोप काळ्या, दाट, कुरळ्या केसांचे. बाईंनी त्यातला एक उचलला आणि नकळत दुसरा हात स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. केस तेच, पोतही तोच. आपल्या पोरींचे केस आपणच उचलून राक्षसाच्या डोक्यावर ठेवले आणि वर कौतुक करून घेतलं, या विचारानं त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली की बाईंना राग येतो, रागानं त्यांना भूक लागते, म्हणून त्यांनी आधी घरी जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली.

बुधवारी दुपारी त्यांनी बन्सीला फोन करून पोरीला आणायला सांगितलं. कार्तिकी काळी झूल नीट घडी करून पिशवीत घेऊन आली होती. दारातच उभी राहिली.

“ये, माप घ्यायचंय तुजं,” बाई म्हणाल्या.

“माप नको. ह्ये बसतंय मला.”

“बसतंय, पन ते तुजं न्हाई. तुजी चिठ्ठी राजकन्येची हाय.”

“चिठ्ठी काय, कुनालाबी येती.” कार्तिकीनं खाली बघितलं. “टीव्हीत अशी राजकन्या नसती काकू. एकबी नसती. मी बघितलंय.”

पोरगी खरं बोलत होती. बाईंनी तिला हाताला धरून आत आणलं, स्टुलावर बसवलं आणि कपाट सताड उघडलं.

“ह्यातला कोनता ड्रेस मला बसंल, सांग.”

कार्तिकीनं ड्रेसांकडे बघितलं, मग बाईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “एकबी न्हाई.”

“मग चूक कुनाची? माजी का ड्रेसाची?”

“ड्रेस कुनी शिवले?”

“मीच.”

“मग तुमचीच की.”

कोपऱ्यात सहादेवांना ठसका लागला. बाई मात्र हसल्या नाहीत. “व्हय, माजीच,” त्या म्हणाल्या. “परवा मी तुज्याकडं बघितलं, तुला इचारलं न्हाई. चिठ्ठीबी वाचली न्हाई. लई मोठी शाहाणी समजत हुते स्वतःला. चुकलं माजं. आता तू सांगशील तसा शिवते. न्हाई म्हनलीस तर न्हाई शिवत, पन मग ते तुज्या मनानं असू दे. माज्या म्हनन्यानं नको.”

मोठं माणूस लहान पोरापुढे चूक कबूल करतं, हे कार्तिकीला नवीन असावं. ती पाय हलवत कपाटातल्या ड्रेसांकडे बघू लागली.

“खिसा लावाल का?” तिनं अखेर विचारलं.

“राजकन्येला खिसा?”

“किल्ली ठिवायला. हातात धरली तर राक्षसाला दिसन ना. मी मॅडमला म्हनले हुते, पन मॅडम म्हनल्या, राजकन्येच्या ड्रेसाला खिसा नसतो. मग किल्ली कुठं लपवायची?”

बाईंनी अकराच्या अकरा ड्रेस चाचपले. एकालाही खिसा नव्हता. कुठल्याच राजकन्येला कधी काही जवळ ठेवायची गरज पडेल, असं शिवताना त्यांच्या मनात आलं नव्हतं.

“लावते,” त्या म्हणाल्या. “चांगला खोल लावते. आन् टोप?”

“टोप टोचतो. मला माजीच वेनी घालायची.”

मग कार्तिकी उभी राहिली, हात पसरले आणि माप दिलं. छाती एकतीस. बाईंनी सहादेवांना मोठ्यानं आकडा सांगितला आणि त्यांनी तो सुपारीएवढ्या ठळक अक्षरात लिहिला.

बुधवार-गुरुवार बाईंचं मशीन थांबलं नाही. गुलाबी कापड त्यांनी बाजूला सारलं. कार्तिकीला स्वतःला गडद पिवळा रंग हवा होता, शेतातल्या झेंडूसारखा, आणि तो तिच्या अंगावर कसा खुलतो हे बाईंनी कापड खांद्याला लावलं तेव्हाच पाहिलं. तीस वर्षं त्या काळ्या पोरींना फिकट रंग चढवून वर पावडर थापत आल्या होत्या, आणि मग म्हणत होत्या की पोरीला शोभत नाही. इकडे हर्षलसाठी बत्तीसचा राक्षस उसवून चोवीसवर आणावा लागला. झूल इतकी कापली, की उरलेल्या तुकड्यात राक्षसाला शेपूट निघाली. हर्षलनं ती झूल अंगात घालून आरशापुढे डरकाळी फोडली आणि स्वतःच दचकला. निळ्या झब्ब्याकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. सोमवारी त्यानं तोंड का उघडलं होतं, ते बाईंना आता कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मांडव भरला होता. बाई मेकअपची पेटी घेऊन पडद्यामागे बसल्या. पोरी रांगेनं येत, डोळे मिटून तोंड वर करत, कारण आधी पांढरी पावडर लागते हे त्यांना बालवाडीपासून ठाऊक. कार्तिकीही आली आणि तिनंही डोळे मिटले. बाईंनी तिला काजळ घातलं, कुंकवाची कोर काढली, वेणीत झेंडूची दोन फुलं खोवली.

“पावडर राहिली,” कार्तिकी डोळे मिटूनच म्हणाली.

“न्हाई राहिली. झालं तुजं.”

“मग मी राजकन्या कशी दिसनार?”

“किल्ली घ्यायचीय का न्हाई राक्षसाची?”

“घ्यायचीय.”

“मग दिसशील. जा.”

कार्तिकी स्टेजवर आली तेव्हा मागच्या बाजूला कुणीतरी खिदळलं. खोटं कशाला सांगू, दोन-चार जण आणखी हसले. पण कार्तिकीनं पहिलंच वाक्य असं खणखणीत टाकलं की माइकवाल्यानं धावत जाऊन आवाज कमी केला. मग हर्षल शेपूट हलवत आला. त्याच्या दुप्पट राजकन्येला तो कोंडतोय म्हटल्यावर मांडव पुन्हा हसला, पण आता ते हसू वेगळं होतं. राजपुत्र भलत्या दरवाज्यापाशी पेंगत बसला. राक्षस घोरू लागला. कार्तिकी पाय न वाजवता गेली, उशाची पुठ्ठ्याची किल्ली काढली, आणि राक्षस एकदम उठून बसला.

“माझी किल्ली कुठाय?” हर्षल ओरडला.

कार्तिकीनं दोन्ही रिकामे तळहात त्याला दाखवले. मग राक्षसाची पाठ फिरताच तिनं सगळ्या मांडवाकडे बघत खिशात हात घातला आणि चंदेरी किल्ली वर धरली. बायकांनी आधी टाळ्या वाजवल्या. बन्सी पुरुषांच्या बाजूला उभा होता, तो शिट्टी वाजवायला गेला, पण शिट्टीऐवजी नुसती हवाच निघाली. पडद्यामागे बाईंनी डोळ्यांचं पाणी पुसलं आणि सरावानं त्याच हातानं पुढच्या सशाला मिशा काढल्या. सशाच्या मिशा जरा वाकड्या आल्या.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कार्तिकी ड्रेस परत द्यायला आली. तिच्याआधी दोन आया येऊन त्या पिवळ्या, खिशाच्या ड्रेसची चौकशी करून गेल्या होत्या. एकीची पोरगी तर चांगली गोरी, नाजूक होती. तिला बाईंनी स्वतः वाकून विचारलं होतं, तुला काय व्हायचंय गं, आणि पोरगी भीत भीत म्हणाली होती, वाघ. आई अवाक झाली होती. बाईंनी वाघाचं माप काढून ठेवलं होतं.

कार्तिकीनं ड्रेस टेबलावर ठेवला. खिशात किल्ली तशीच होती.

“काकू,” ती म्हणाली, “तुमी लहानपनी राक्षसीण व्हायच्या ना? आमची आई सांगत हुती. तुमी सगळ्यांना सांगता म्हने.”

“व्हय. पयलीला राक्षसीण, दुसरीला राक्षसीण...” बाईंची गाडी सवयीनं रुळावर आली.

“तुमाला आवडायचं का?”

ही कथा बाईंनी शेकडो बायकांना सांगितली होती. सगळ्या हसल्या होत्या. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं, शाळेतल्या गुरुजींनी नाही, आईनं नाही, लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या सहादेवांनीही नाही. सहादेवांची इस्त्री एका जागी थबकली, वास यायला लागला तेव्हा त्यांनी ती उचलली.

“न्हाई गं,” बाई म्हणाल्या. “आजिबात न्हाई आवडायचं. घरी येऊन गोठ्यात बसून रडायचे मी. मलाबी राजकन्याच व्हायचं हुतं.”

कार्तिकीनं मान डोलावली. तिला यात नवल काही वाटलं नाही. ती बोटानं टेबलावरची टेप गुंडाळू लागली.

“मला आवडंल पन,” ती म्हणाली. “पुढल्या वर्षी मी राक्षस व्हनार. चिठ्ठी न्हाई आली तरी मॅडमला सांगनार. राक्षसाचे डायलॉग लई भारी असत्यात, हर्षल निम्मे विसरला.”

“आगं, पन राक्षस तर मी हर्षलच्या मापाचा करून ठिवलाय. चोवीसचा.”

“मग?”

“मग काय, नवा शिवायला लागंल.” बाईंनी तिच्या हातातून टेप घेतली आणि झटकून सरळ केली. “उभी ऱ्हा. वर्षभरात वाढशील तू, शिवणीत भरपूर माया सोडते.”

कार्तिकीनं हात पसरले. “ह्यालाबी खिसा लावा,” ती म्हणाली.